जपानी शिकायचंय, पण फोनवरच आणि कंटाळा न येता. कुठून धरू?

रांजणगाव_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी,

मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनी जपानी, त्यामुळे काइझेन, गेंबा, मुदा, पोकायोके हे शब्द आमच्याकडे चहा-बिस्किटाइतके रोजचे. शॉपमध्ये शिरल्या शिरल्या फाइव्ह-एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवायचे पाच नियम) मोठी पाटी आहे. वर जपानी अक्षरं, खाली इंग्रजी लिपीत सेइरि, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सात वर्षं रोज तिच्याखालून जातोय. खालचं झोपेतही म्हणून दाखवीन, वरचं एक अक्षर वाचता येत नाही. याची आता लाज वाटायला लागली आहे.

पुण्यात एका क्लासची फी भरली होती. क्लास शनिवार-रविवार, आमची सुट्टी गुरुवारी आणि शिफ्ट फिरती. तिसऱ्या आठवड्यात सुटला. मग खेळासारखं एक ॲप घेतलं. ११२ दिवसांची साखळी झाली आहे, एकही दिवस चुकवला नाही. 'मी सफरचंद खातो' हे तीन तऱ्हांनी सांगता येतं. पाटी मात्र तशीच.

वेळ म्हणाल तर शिरूरहून कंपनीच्या बसने जाता-येता मिळून सव्वा तास. नेट मधेच जातं. डिसेंबरला एन फाइव्हला (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पायरी; पुढे एन फोर, एन थ्री) बसावं असं मनात आहे. फोनवर काय वापरू? मजा आली पाहिजे, नाहीतर माझा स्वभाव मला माहीत आहे.

---

घाटमाथा७७

अँकी (शब्दांची कार्डं उजळणीला समोर आणणारं ॲप) टाक आणि विषय संपव. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. एन फाइव्हच्या शब्दांचे तयार गठ्ठे मिळतात. रोज २० नवीन शब्द, ४० दिवसांत ८०० शब्द. नेट लागत नाही. बाकीच्या ॲपांच्या नादी लागू नको.

---

अर्धवटराव_इंजिनिअर

कशाला कष्ट घेता? पाटीवर फोन धरा, गूगल लेन्स भाषांतर करून देतं. समोरचा बोलला तर तेही फोन सांगतो. दोन वर्षांनी कुणालाच भाषा शिकावी लागणार नाही.

---

पोस्टातली_माई

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. पोस्टातून निवृत्त झालेली बाई आहे, वयाने मोठीच असणार तुझ्याहून.

(आधी अर्धवटरावांना: माझा नातू पाच वर्षांचा आहे, नागोयाजवळ असतो. तो रुसला की फोन मध्ये धरून त्याची समजूत काढून बघा एकदा. मग बोलू.)

मी ५८व्या वर्षी सुरुवात केली. नातू तिथल्या पाळणाघरात जायला लागला आणि सहा महिन्यांत व्हिडिओ कॉलवर माझ्याशी जपानीत बोलू लागला. मी आपली मान डोलवायची. डोंबिवलीहून दादरला क्लासला जायचं म्हणजे लोकलची धास्ती, म्हणून जे काय केलं ते फोनवरच. एन फोर झाले. एन थ्रीला गेल्या खेपेस आपटले, त्याचं पुढे सांगते, कारण ते तुझ्या उपयोगाचं आहे.

कुठलं ॲप, हा प्रश्न तू पहिला विचारलास. मी तो तिसरा विचारला असता. ही बहुतेक साधनं इंग्रजी बोलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. त्यांना जे अवघड ते ती तासभर समजावतात, आणि आपण उगाच त्यांच्याबरोबर घाम गाळतो. पहिल्याच महिन्यात एक व्हिडिओ लावला होता आणि समोर मेथी निवडायला घेतली होती. त्यातली बाई वीस मिनिटं सांगत होती की जपानीत प्रश्न विचारायचा तर शब्दांची जागा बदलायची नाही, वाक्याच्या शेवटी नुसता 'का' लावायचा. 'इकिमासु' म्हणजे जाता, 'इकिमासु का'? मी मेथी खाली ठेवली. जाता का! आपण आणखी काय वेगळं करतो? शेवटी 'ने' लावला की आपला 'ना'. 'मो' म्हणजे ही, 'वाताशि मो' म्हणजे मीही. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'मादे' म्हणजे पर्यंत. सगळे प्रत्यय आपल्यासारखेच नामाच्या मागे चिकटतात, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. वर लिंगाची भानगड नाही. टेबल तो की ते, हा वादच नाही.

खरी गंमत पुढे आहे. क्रियापदाचं 'ते' रूप म्हणून एक प्रकार येतो आणि तिथे सगळे हाय खातात. ते आपलं 'ऊन' आहे रे. खाऊन, जाऊन, करून. आणि त्याला पुढे जे जोडतात तेही आपलंच:

ताबेते मिरु: खाऊन बघणं ('मिरु' म्हणजे खरंच बघणं)
ताबेते शिमाउ: खाऊन टाकणं
कात्ते ओकु: विकत घेऊन ठेवणं ('ओकु' म्हणजे खरंच ठेवणं)
इत्ते कुरु: जाऊन येणं

हे मला कुठल्या ॲपने सांगितलं नाही. एकदा नातू घरातून निघताना ओरडला, 'इत्ते किमाऽसु!' आणि मला एकदम आमची आई आठवली. कुणी 'जातो' म्हटलेलं तिला खपायचं नाही, 'येतो म्हण' म्हणायची. तिकडेही उंबऱ्यावरून 'जाऊन येतो' म्हणूनच निघतात. त्या दिवशी मी वहीत इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं.

एका ठिकाणी मराठी दगा देते, तेही सांगून ठेवते. करून देणं. मी दुसऱ्याला करून दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला करून दिलं तर 'कुरेरु'. आपल्याला दोन्हीकडे देणंच. माझी अजून चूक होते.

आता अक्षरं. उच्चारांच्या दोन लिप्या: हिरागाना ४६, काताकाना ४६. तक्त्याचा क्रम बघ: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली बाराखडीच. बौद्ध भिक्षू आपल्याकडची जुनी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. 'च' च्या जागी सा बसलाय आणि 'प' च्या जागी हा. म्हणून तर हा ला दोन रेघा दिल्या की बा होतो आणि छोटं गोल दिलं की पा. हे कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही, नुसता लावावा लागतो. आठवणीच्या खुणाही इंग्रजीतल्या घेऊ नकोस, स्वतःच्या कर. हिरागानातला 'कु' म्हणजे कोकिळेची उघडी चोच. 'हे' म्हणजे कौलाचा उतार. 'शि' म्हणजे माशाचा गळ. काताकानात चार अक्षरं जुळ्या भावंडांसारखी दिसतात: शि, त्सु, सो, न. शि आणि न यांचे थेंब आडवे पडलेले, त्सु आणि सो यांचे उभे. मी आठ दिवस रडले त्यावर.

कांजीचंही (चिनीतून आलेली, अर्थ सांगणारी अक्षरं) तेच. माणूस आणि त्याच्या शेजारी झाड, मिळून विश्रांती. माझ्या डोक्यात ते रोजगार हमीच्या कामावर दुपारी झाडाला टेकलेला गडी म्हणून बसलंय. शेत आणि ताकद मिळून पुरुष. (यावर मला बरंच बोलायचं आहे, इथे नको.)

अँकी. घाटमाथा म्हणतात ते खरं आहे, पण रोज २० नको. आम्ही सॉर्टिंगला टपाल खणांत टाकायचो, तसंच आहे हे. येणारा शब्द लांबच्या खणात जातो, महिन्याने परत येतो. अडलेला शब्द जवळच्या खणात, उद्या पुन्हा दारात हजर. पण टपाल रोज येतं हे विसरायचं नाही. २० नवीन घेतले की महिन्याभरात रोजची उजळणीच दीडशेच्या वर जाते. मी गौरी-गणपतीत दहा दिवस उघडलं नाही. विसर्जनानंतर बघते तर ६४० कार्डं थकलेली. जवळजवळ सोडूनच दिलं होतं. तू पाच-सात नवीन घे. सुट्टीच्या गुरुवारी नवीन शून्य, फक्त उजळणी.

आणि तयार गठ्ठ्यावर भागवू नकोस, थोडी कार्डं हातची कर. माझं एक कार्ड सांगते. पुढच्या बाजूला जपानीत 'आमे गा झाऽझाऽ फुत्ते इरु.' मागे: पाऊस धो धो पडतोय. सोबत नातवाचा आवाज, चार सेकंदांचा, कॉलवरून लेकीने रेकॉर्ड करून पाठवलेला. एवढंच. 'शितोशितो' म्हणजे रिमझिम, ते दुसरं कार्ड. असे जोडशब्द जपानीत ढिगाने आहेत आणि मराठी माणसाला ते कानाने कळतात. पिकापिका चकचकीत, बेताबेता चिकट. साकुसाकु म्हणजे खुसखुशीत. त्या कार्डावर माझ्या करंज्यांचा फोटो आहे. ते शब्द कधी विसरले नाही.

बससाठी 'इरोदोरि' उतरवून घे. जपान फाउंडेशनचा अभ्यासक्रम आहे, पानं आणि ध्वनिफिती दोन्ही फुकट, घरच्या वायफायवर आधीच उतरवल्या की नेट गेलं तरी अडत नाही. कामासाठी जपानला जाणाऱ्यांना समोर ठेवून केलाय, त्यामुळे बाजार, बस, जेवणाचा डबा असंच सगळं. एन-एच-के वर्ल्ड या जपानी वाहिनीचे छोटे धडेही चांगले, ते हिंदीतही आहेत. वाचायला 'तादोकु'च्या साइटवरची फुकट पुस्तकं. शून्य पायरीपासून सुरू होतात, पानभर चित्र आणि खाली एखादी ओळ. लहान मुलांचं वाटेल, वाटू दे. एन-एच-केच्या सोप्या बातम्यांकडे आत्ताच जाऊ नकोस. नाव सोपं आहे, पण एन फोरच्या आसपास पोचल्याशिवाय दमछाक होते.

आणि आता माझा आवडता खेळ, याला वेगळं ॲपही लागत नाही. फोनच्या कीबोर्डला जपानी भाषा जोड आणि माइक दाबून बोल. तू जे बोललास ते नाही, त्याला जे ऐकू आलं ते तो लिहितो. मी म्हटलं, 'ब्योऽइन ला जाते', दवाखान्यात. त्याने लिहिलं 'बियोऽइन', म्हणजे ब्युटी पार्लर. सलग पाच वेळा मला पार्लरला पाठवलं त्याने. सहाव्यांदा दवाखाना आला तेव्हा आमचे हे म्हणाले, आता पार्लरलाच जाऊन ये.

हसू नकोस, मी नापास झाले त्याचं मूळ इथेच आहे. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा करत नाही. तिकडे त्यावर अर्थ बदलतो. 'ओबासान' काकू-मावशी, 'ओबाऽसान' आजी. मी वर्षभर नातवाला स्वतःची ओळख मावशी म्हणून करून देत होते. 'आज्जी, चिगाऽउ!' (चुकलं!) म्हणून तो लोळायचा. एन थ्रीला १८० पैकी ९५ लागतात, मला १०१ मिळाले. पण तिन्ही भागांत किमान १९ हवेत आणि ऐकण्यात मला १७. गेले बाराच्या भावात. एन फाइव्हला एकूण ८० लागतात. ऐकण्यात ६० पैकी १९ आणि बाकीचं सगळं मिळून १२० पैकी ३८. बोलणं नाही, लिहिणं नाही, सगळे पर्याय. म्हणून माणसं डोळ्यांनी तयारी करतात आणि कानाने पडतात. तुझा तो सव्वा तास ऐकण्यालाच दे. शब्द घरी.

(इथे जपानी लिपी टाकली की चौकोन दिसतात, म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय.)

---

सैतामाकर

माईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. एक भर आणि एक तक्रार.

भर: मराठी लोकांना उच्चारांचं एक फुकटचं घबाड मिळालंय. 'त्सु'वर इंग्रजीवाले महिने घालवतात. आपला 'चूल' मधला चू म्हणा, जवळपास तोच. 'चि' हवा असेल तर 'चिमणी' मधला. दोन्ही च आपल्या तोंडात आहेत. 'झा' म्हणजे 'जावई' मधला ज. आणि तो सुटा 'न' म्हणजे चक्क अनुस्वार. पुढे ब आला की म होतो, क आला की ङ. शिंबुन म्हणजे वर्तमानपत्र, गिंकोऽ म्हणजे बँक. आपण 'अंबा' आणि 'अंक' म्हणताना जे न ठरवता करतो तेच.

तक्रार: देवनागरीत जपानी लिहू नका. पहिला आठवडा ठीक, नंतर नाही. मी दीड वर्ष लिहिलं आणि पस्तावलो. कारण देवनागरीत आपण ऐकू येतं ते लिहितो, आणि शब्दकोशाला हवं असतं ते वेगळंच. हायस्कूलला 'कोऽकोऽ' म्हणतात. मी वहीत 'कोको' लिहिलं. जिशो डॉट ऑर्ग या शब्दकोशाच्या साइटवर तसंच टाकलं, तर अर्थ आला 'इथे'. लिहायला हवं 'कोउकोउ'. तोक्योसुद्धा खरं म्हणजे तो-उ-क्यो-उ आहे. तो न ऐकू येणारा उ देवनागरीत पडून जातो आणि मग हायस्कूलचं 'इथे' होतं.

रांजणगावकर, जिशोवर अजून एक सोय आहे, तुमच्या पाटीसाठी. अक्षर येत नसेल तर त्याचे तुकडे निवडता येतात किंवा बोटाने काढता येतं. लेन्स धरून अर्थ बघण्यापेक्षा असं शोधलेलं डोक्यात राहतं. शब्दांचा चढ-उतारही लवकर कानावर घाला: 'हाशि' वरून खाली आणलं तर जेवायच्या काड्या, खालून वर नेलं तर पूल.

---

पोस्टातली_माई

सैतामाकर, 'उ'चं पटलं. माझ्या जुन्या वहीत तोक्यो तसंच आहे, बघून आले. पण पहिल्या आठवड्यापुरती तरी देवनागरी राहू द्या हो. रोमन लिपीत शिकलेली माणसं त्सुला 'सु' म्हणताना मी ऐकली आहेत.

---

रांजणगाव_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं. (शिते मिरु, बरोबर ना माई?)

साखळीचं ॲप १२० दिवसांवर बंद केलं. अँकीत रोज सहा शब्द. बसमध्ये इरोदोरि ऐकतो. शेजारी बसणारा मेंटेनन्सचा पोरगा एक इअरफोन मागून घेतो आता, त्याला 'कोरे वा इकुरा देसु का' पाठ झालंय, हे केवढ्याला.

काताकाना आधी उचलली, कारण मशीनच्या पॅनेलवर तीच जास्त. पहिल्यांदा वाचलेला शब्द सांगतो. तीन खुणा, त्यातली मधली आणि शेवटची... थांबा, चार आहेत, दोन तर नुसत्या आडव्या रेघा. मो, रेघ, ता, रेघ. मो... ता... सेकंड शिफ्टला रात्री नऊ वाजता मशीनसमोर उभा राहून मोठ्याने म्हणतोय, मोऽताऽ, मोऽताऽ. मोटर! सात वर्षं त्या बटणाखाली मोटरच लिहिलं होतं. ऑपरेटरला वाटलं मला चक्कर येतेय.

मग पाटी. लेन्स नाही वापरलं, सैतामाकरांनी सांगितलं तसं जिशोवर बोटाने काढत बसलो, एका गुरुवारी दीड तास गेला. सेइरि आणि सेइतोनचं पहिलं अक्षर एकच आहे. सेइसो आणि सेइकेत्सुचं पहिलं अक्षर दुसरं एक, त्याच्या डावीकडे तीन थेंब आहेत. ते थेंब म्हणजे पाणी, आणि पूर्ण अक्षराचा अर्थ स्वच्छ. सेइकेत्सुच्या दुसऱ्या अक्षरालाही तेच थेंब. आणि हो, सेइसो लिहायचं ते से-इ-सो-उ. आमच्या पाटीवरच्या रोमन अक्षरांत तो उ नाहीच. शित्सुके हे एकच अक्षर आहे. डावीकडे शरीर, उजवीकडे सुंदर. चिनी नाही म्हणे, जपान्यांनीच बनवलेलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये त्याचा अर्थ 'शिस्त' एवढाच सांगतात आणि खाली सही घेतात.

घरून निघताना इत्ते किमासु म्हणतो. बायको म्हणते, येताना दूध आण.

अर्ज भरला, केंद्र पुणे. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट निघतेय. रजेचा अर्ज आजच टाकतो, सुपरवायझर नंतर ऐकत नाही.